छोटा ट्रेल कॅमेरा घ्यायचा कसा, तपासायचा कसा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मुख्यतः तीन ठिकाणांहून येतात. जुन्नर, आंबेगाव, शिरूरकडचे ऊसवाले शेतकरी विचारतात, पुण्यात टेकड्यांच्या पायथ्याशी राहणारी सोसायट्यांतली मंडळी विचारतात, आणि सासवड, बारामती, इंदापूरच्या माळरानांवर फिरणारे विचारतात. सगळ्यांना हवा असतो तो तळहातात मावणारा, चार सेलवर किंवा आतल्या बॅटरीवर चालणारा छोटा कॅमेरा. तेच ते पुन्हा लिहायला लागू नये म्हणून प्रश्नांना क्रमांक दिले आहेत. उत्तरात दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक आला तर तिथे जाऊन वाचा.

१. ट्रेल कॅमेरा म्हणजे काय? सीसीटीव्ही लावला तर चालणार नाही का?

सीसीटीव्हीला वीज लागते, वायर लागते आणि तो सतत चालू असतो. ट्रेल कॅमेरा झोपलेला असतो. समोरून गरम अंगाचा प्राणी गेला की जागा होतो, फोटो किंवा छोटा व्हिडिओ घेतो आणि परत झोपतो. म्हणूनच चार सेलवर तो बांधावरच्या बाभळीला आठवडेच्या आठवडे राहू शकतो.

त्याला जागं करतो तो पीआयआर सेन्सर. भिंगाच्या खाली किंवा शेजारी पांढरट, अर्धगोल प्लास्टिकचा तुकडा दिसतो, त्यामागे हा बसवलेला असतो. त्या प्लास्टिकवरच्या बारीक रेघा समोरच्या जागेचे पट्टे पाडतात. एका पट्ट्यातून दुसऱ्यात उष्णता सरकली की सेन्सरला कळतं. म्हणजे दोन गोष्टी लागतात : उष्णतेतला फरक आणि हालचाल. हे एवढं पक्कं लक्षात ठेवलंत तर पुढची निम्मी उत्तरं तुमची तुम्हालाच सुचतील.

२. जाहिरातीत ‘हंटिंग कॅमेरा’ लिहिलेलं असतं. शिकारीसाठी वापरता येतो का?

नाही. भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार वन्यप्राण्यांच्या शिकारीला बंदी आहे. अनुसूची १ मधल्या प्राण्यांच्या शिकारीला किमान तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षं कैद आणि वर दंड आहे. बिबट्या या अनुसूचीत आहे. हे कॅमेरे मुख्यतः अमेरिकेतल्या हरणांच्या शिकाऱ्यांसाठी तयार झाले, म्हणून खोक्यावर तो शब्द आणि शिंगवाल्या हरणाचं चित्र असतं. तिथेही सगळीकडे मोकळीक नाही. ॲरिझोना राज्याने शिकारीसाठी ट्रेल कॅमेरा वापरण्यावर १ जानेवारी २०२२ पासून बंदी घातली आहे.

रानडुकरांनी भुईमूग उकरला, मका लोळवला, की शेतकऱ्याचा जीव किती तुटतो ते मला ठाऊक आहे. पण त्यावरचा मार्ग वनविभागाकडूनच जातो : नुकसानीचा पंचनामा, भरपाईचा अर्ज, आणि प्राण्याबद्दल काही करायचं असेल तर लेखी परवानगी. कॅमेऱ्याचा उपयोग असा की डुकरं कुठल्या बाजूने आणि किती वाजता येतात ते कळतं. मग कुंपण कुठे घालायचं आणि राखण कधी करायची हे ठरवता येतं.

३. स्वतःच्या रानात लावायला परवानगी लागते का? आणि टेकडीवर?

स्वतःच्या मालकीच्या जमिनीत, अंगणात, गोठ्याजवळ कॅमेरा लावा. दुसऱ्याच्या रानात लावायचा तर त्यांना विचारा.

वनजमिनीवर मात्र मनाने लावायचा नाही. तळजाई-पाचगाव पर्वतीचा वनपट्टा असो की वेताळ टेकडीचा वनविभागाकडचा भाग, आधी वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन विचारा. भीमाशंकर, ताम्हिणी, सुप्याचं मयूरेश्वर ही अभयारण्यं आहेत. तिथे आत जायलाच परवाना लागतो. अभ्यासासाठी किंवा छायाचित्रणासाठी परवाना देण्याची तरतूद कायद्यात आहे, पण रीतसर अर्ज करावा लागतो. परवानगी न घेता झाडाला बांधलेला कॅमेरा वनरक्षकाने काढून नेला तर तक्रार करायला तोंड राहत नाही.

४. किती मेगापिक्सेलचा घेऊ? ३६ चा चांगला की ४८ चा?

हा आकडा बघूच नका. स्वस्त छोट्या कॅमेऱ्यातला खरा सेन्सर बऱ्याचदा त्यापेक्षा खूपच कमी मेगापिक्सेलचा असतो. कॅमेरा प्रत्येक ठिपक्याच्या शेजारी अंदाजाने नवे ठिपके भरतो आणि फाइल फुगवतो. त्यातून तपशील एक तिळाएवढाही वाढत नाही. उलट कार्ड लवकर भरतं आणि प्रत्येक फोटो लिहायला जास्त वेळ लागतो. असा कॅमेरा घरात असेलच तर सेटिंगमध्ये जाऊन आकडा कमी करून ठेवा, ८ किंवा १२ पुरे.

५. मग खोक्यावर बघायचं तरी काय?

सगळ्यात आधी ट्रिगरचा वेळ, म्हणजे प्राणी जाणवल्यापासून पहिला फोटो निघेपर्यंतचा वेळ. हिशोब सोपा आहे. पायवाटेपासून तीन मीटरवर कॅमेरा आहे आणि भिंगाचा कोन ५० अंश आहे असं धरा. तेवढ्या अंतरावर फोटोत साधारण पावणेतीन मीटर रुंदीची जागा मावते. दुडक्या चालीने जाणारा कोल्हा सेकंदात दोन-तीन मीटर जातो. कॅमेरा एक सेकंद लावणार असेल तर हाती शेपटी लागेल, नाहीतर तीही नाही. ०.३ सेकंदात फोटो निघाला तर कोल्हा मीटरभरच सरकलेला असतो आणि पूर्ण फोटोत येतो.

दुसरं, पुन्हा तयार व्हायला लागणारा वेळ. मादीमागे पिल्लं येतात. पहिल्या फोटोनंतर कॅमेरा पंधरा सेकंद गप्प बसला तर पिल्लं कळतच नाहीत. हा आकडा बरेच विक्रेते छापतच नाहीत. तो शोधा, किंवा घरी मोजा (प्रश्न ६).

तिसरं, सेन्सरचा कोन आणि भिंगाचा कोन जुळतात का. सेन्सर १२० अंशांत बघतो आणि भिंग ५० अंशांचंच असेल, तर प्राणी चौकटीत यायच्या आधीच कॅमेरा जागा होतो आणि रिकामे फोटो काढत बसतो. जाहिरातीत ‘१२० अंश’ असं ठळक लिहिलेलं असतं ते यातलं नेमकं कशाचं, हे विकणाऱ्याला विचारा.

रात्रीच्या फ्लॅशचा पल्ला छापील आकड्यापेक्षा कमीच धरा. छोट्या कॅमेऱ्यात दिवे थोडे आणि बॅटरी लहान. त्यात गैर काही नाही, कारण आपल्या पायवाटांवर तीन ते पाच मीटरचंच काम असतं. उसाच्या सरीत तर तेवढंही अंतर मिळत नाही.

६. घेतल्यावर घरी तपासायचा कसा? परत करायची मुदत थोडीच असते.

ऑनलाइन वस्तू परत करायची मुदत संपायच्या आत ही तपासणी उरका. कॅमेरा थेट रानात नेऊन बांधू नका. मला या पानावरचं एकच उत्तर ठेवायला सांगितलं तर मी हेच ठेवीन.

सोसायटीचं पार्किंग, गच्ची किंवा अंगण यातली कुठलीही जागा घ्या. कॅमेरा गुडघ्याएवढ्या उंचीवर स्टुलावर किंवा खांबाला बांधा. समोर खडूने ३, ५, १० आणि १५ मीटरवर आडव्या रेघा मारा. आधी दिवसा, मग अंधार पडल्यावर, प्रत्येक रेघेवरून डावीकडून उजवीकडे नेहमीच्या चालीने जा, मग थोडं पळत जा. हातात रेघेचा आकडा लिहिलेला पुठ्ठा धरा, म्हणजे नंतर फोटो बघताना गोंधळ होत नाही. शेवटी कॅमेऱ्याकडे सरळ तोंड करून चालत या. सरळ येणारी हालचाल सेन्सरला कमी कळते, कारण पट्टे ओलांडले जात नाहीत. कुठल्या अंतरावर जागा होतो ते इथे दिसेल.

आता कार्ड काढून मोठ्या पडद्यावर फोटो बघा. तुम्ही चौकटीच्या मधोमध आहात की बाहेर पडायच्या बेतात? रात्रीच्या फोटोत पुठ्ठ्यावरचा आकडा वाचता येतो का, की नुसता पांढरा डाग आहे? चालतानाचे पाय स्पष्ट आहेत की फिसकटलेले? रात्री पाय फिसकटत असतील तर रानमांजराच्या अंगावरच्या खुणाही तशाच फिसकटणार. फोटोवरची वेळ मोबाइलशी ताडून बघा. तारखेत महिना आधी छापला जातो का तेही बघा. ०६/०७ म्हणजे ६ जुलै की ७ जून हा घोळ पुढे पंचनाम्याच्या वेळी महागात पडतो.

मग दोन-तीन रात्री कॅमेरा तिथेच राहू द्या. पार्किंगमधली कुत्री-मांजरं यासाठी उत्तम. माणसाला बिनचूक टिपणारा कॅमेरा मांजरावर बऱ्याचदा चुकतो, कारण मांजराचं अंग लहान आणि चाल जमिनीलगत. मांजर गाडीखालून निघून भिंतीपर्यंत गेलं आणि कार्डावर नुसती भिंत आली, तर तो कॅमेरा मुंगूस, उदमांजर, खोकड यांच्यासाठी कामाचा नाही. बिबट्यासाठी चालेल. तुम्हाला काय बघायचंय त्यावर ठेवायचा की परत करायचा ते ठरवा.

शेवटची परीक्षा आवाजाची. शांत खोलीत, रात्री, कॅमेऱ्याला कान लावून हात हलवा. दिवस-रात्र बदलताना आतली फिल्टरची काच सरकते तेव्हा ‘टक्’ असा आवाज येतो. थोडा चालतो. दोन मीटरवरूनही ऐकू आला तर प्राण्यालाही जाणारच.

७. लाल चमकणारे दिवे घ्यावेत की अजिबात न दिसणारे?

८५० नॅनोमीटरचे दिवे पेटले की अंधारात मंद लाल ठिपके दिसतात. ९४० नॅनोमीटरचे माणसाला जवळपास दिसत नाहीत. पहिल्याचा उजेड लांब जातो, फोटो स्वच्छ येतात. दुसऱ्याचा पल्ला कमी, फोटोत दाणे जास्त.

बांधावर, रस्त्याच्या कडेला, सोसायटीच्या कुंपणाशी, थोडक्यात माणसांची ये-जा असेल तिथे मी ९४० चाच सांगेन. चोराला दिसत नाही, प्राणीही बिचकत नाही. माणूस फिरकत नाही अशा खासगी रानात पाणवठ्यावर लांबचं टिपायचं असेल तर ८५० चालेल. रात्रीचे फोटो दोन्हींत काळे-पांढरेच येतात. रंगीत हवे तर पांढरा फ्लॅश लागतो आणि त्याने प्राणी दचकतो.

८. सेल कोणते घालू? रिचार्जेबल घातले की कॅमेरा लगेच ‘बॅटरी लो’ दाखवतो.

कॅमेरा बिघडलेला नसतो. साधा अल्कलाइन सेल १.५ व्होल्टचा, चार मिळून ६ व्होल्ट. रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड सेल १.२ व्होल्टचा, चार मिळून ४.८. काही छोटे कॅमेरे एवढ्या दाबाला बॅटरी संपली असं समजतात, दिवसा चालतात आणि रात्री दिवे पेटवायची वेळ आली की बंद पडतात. म्हणून माहितीपत्रकात रिचार्जेबल चालतात असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच ते घाला.

महिनोन्महिने हात लावायचा नसेल तर न चार्ज होणारे लिथियम सेल उत्तम. महाग पडतात, पण दाब शेवटपर्यंत टिकतो आणि गळण्याची भीती फारच कमी. दर आठवड्याला फेरी होत असेल तर चांगल्या कंपनीचे अल्कलाइन पुरतात. पुण्यातल्या तपकीर गल्लीत, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, घेत असाल तर पाकिटावरची तारीख बघून घ्या. नवे-जुने सेल एकत्र घालू नका, त्यातूनच सेल गळतात आणि स्प्रिंगा खातात. व्हिडिओ, त्यातही रात्रीचा, बॅटरी भराभर पितो. आधी फोटोंवर ठेवा, जागा कळली की दहा सेकंदांचा व्हिडिओ लावा.

९. मेमरी कार्ड केवढं?

३२ जीबी, क्लास १०, ओळखीच्या कंपनीचं. बरेच छोटे कॅमेरे त्याहून मोठं कार्ड ओळखत नाहीत, कारण ६४ पासून पुढे कार्डाची फाइल-पद्धत वेगळी असते. नवं कार्ड संगणकावर फॉरमॅट न करता कॅमेऱ्यातच करा. दोन कार्डं ठेवा : एक झाडावर, एक खिशात.

१०. सिमकार्डवाला घेऊ का? फोटो थेट मोबाइलवर येतात म्हणे.

परदेशातून कुणी आणून देणार असेल तर आधी त्यातले ४जी बँड, म्हणजे मोबाइल सेवा ज्या लहरींवर चालते त्यांचे ठरलेले पट्टे, बघा. आपल्याकडे मुख्यतः ३, ५, ८, ४० आणि १ या बँडवर सेवा चालते. अमेरिकेसाठी बनवलेले कॅमेरे २, ४, १२, १३ असल्या बँडवर बेतलेले असतात. त्यातला एखादा बँड जुळला तरी रानात, रेंज क्षीण असताना, तेवढ्यावर भिस्त ठेवता येत नाही. काही कॅमेरे तर कंपनीच्या स्वतःच्या सिमशिवाय चालतच नाहीत.

घ्यायच्या आधी त्याच जागी उभं राहून, कॅमेरा असेल त्या उंचीवर मोबाइल धरून रेंज बघा. उसात कमरेएवढ्या उंचीवर रेंज कमी होते. गोठ्याजवळ बिबट्याची ये-जा असेल तर सिमवाल्या कॅमेऱ्यावर केलेला खर्च वाया जात नाही, कारण तिथे वेळेवर कळणं हेच महत्त्वाचं. नुसत्या हौसेसाठी साधा कार्डवाला बरा, त्याची बॅटरीही जास्त टिकते.

११. कुठे आणि किती उंचीवर बांधू?

बिबट्या, तरस, लांडगा यांच्यासाठी गुडघ्याएवढी उंची, म्हणजे ४० ते ५० सेंटिमीटर. मुंगूस, साळिंदर, ससा, उदमांजर यांच्यासाठी वीतभर. पायवाटेपासून तीन-चार मीटर मागे, वाटेशी तिरपा. अगदी काटकोनात लावला तर प्राणी चौकट पटकन ओलांडून जातो आणि वाटेच्या सरळ रेषेत लावला तर सेन्सरला कळत नाही (कारण प्रश्न १ मध्ये).

तोंड शक्यतो उत्तरेला. पूर्व-पश्चिमेला केलं की उगवता-मावळता सूर्य थेट भिंगात येतो. तात्पुरत्या काठीला बांधू नका, काठी वाऱ्याने हलली की कॅमेऱ्याला सगळं जगच हललेलं दिसतं.

जागा निवडताना जमिनीकडे बघा. ओढ्याच्या वाळूत पावलं, बांधावर विष्ठा, कुंपणाखाली घासून गुळगुळीत झालेली घळ. माळावर लांडगे आणि कोल्हे बैलगाडीच्या चाकोरीतूनच जातात. असल्या माहितीत धनगर आणि गुराखी यांच्याइतकं जाणतं कुणी नाही. त्यांना विचारा, आणि फोटो मिळाला की त्यांना आवर्जून दाखवा.

१२. कार्डावर हजार फोटो आणि प्राणी एकात. कॅमेरा खराब आहे का?

बहुतेक वेळा जागा खराब असते. समोरचं गवत, उसाची पाती, हलणारी फांदी, तिच्यावर पडणारं ऊन. चौकटीतलं जवळचं गवत कापा, झाडाची फांदी मात्र तोडू नका, ती बाजूला बांधता येते. सेन्सरची संवेदनशीलता एक पायरी उतरवा. गुरांच्या वाटेवर लावला असेल तर फक्त संध्याकाळी सहा ते सकाळी सहा चालू ठेवा, ही सोय बहुतेक कॅमेऱ्यांत असते. एवढं करूनही फोटो रिकामे येत असतील तर प्रश्न ५ मधला कोनांचा मुद्दा तपासा.

धीरही धरा. २०१८ च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत २६,८३८ जागी कॅमेरे लावले होते आणि जवळपास ३ कोटी ४८ लाख फोटो निघाले. त्यात वाघाचे ७६,६५१ आणि बिबट्याचे ५१,७७७. गिनेसने या सर्वेक्षणाची जागतिक विक्रम म्हणून नोंद घेतली. तिथेही हवा तो प्राणी शेकड्यात एखाद्या फोटोतही येत नव्हता.

१३. एप्रिल-मेमध्ये दुपारचे फोटो येतच नाहीत. का?

सेन्सरला उष्णतेतला फरक लागतो. शिरूर-इंदापूरकडे भर दुपारी पारा चाळिशीपार जातो, जमीन आणि दगड त्याहून तापतात. चिंकाऱ्याचं अंग आणि मागचा माळ यांच्यात फरकच उरत नाही, तो समोरून गेला तरी सेन्सरला पत्ता लागत नाही. कॅमेऱ्याचं तोंड सावलीकडे किंवा पाणवठ्याच्या ओल्या कडेकडे करा. संवेदनशीलता उन्हाळ्यात जास्त आणि हिवाळ्यात कमी ठेवा. कॅमेऱ्यातच ‘ऑटो’ असेल तर तो हेच करतो, पण स्वस्त कॅमेऱ्यातल्या ऑटोवर माझा फारसा विश्वास नाही.

१४. पावसाळ्यात ठेवला तर चालेल? खोक्यावर आयपी६६ लिहिलंय.

आयपी६६ म्हणजे धूळ आत जात नाही आणि पाण्याचा जोरदार फवारा सहन होतो. पाण्यात बुडवायचा नाही. सासवडच्या पावसात एवढं पुरतं. ताम्हिणी, मुळशी, भीमाशंकरकडे मात्र दिवसेंदिवस धुकं आणि ओल असते, आणि तिथे पाण्यापेक्षा दमटपणा नडतो. दार उघडताना आत गेलेली ओली हवा रात्री भिंगाच्या आतल्या बाजूला धरते. आत सिलिका जेलची पुडी ठेवा, रबरी पट्टीवर मातीचा कण राहिला नाही ना ते बोटाने फिरवून बघा, आणि भर पावसात दार उघडू नका. कार्ड बदलायचंच असेल तर कोरड्या जागी न्या.

पावसाळ्यात कोळी भिंगासमोर जाळं विणतो आणि मुंग्या बॅटरीच्या कप्प्यात अंडी घालतात. दर फेरीला एक मऊ ब्रश बरोबर ठेवा.

१५. रात्रीच्या फोटोत प्राणी पांढराफटक दिसतो. उपाय?

प्राणी फार जवळून गेला किंवा पुढच्या पानावर फ्लॅशचा उजेड उडाला. कॅमेरा मीटरभर मागे घ्या, पुढचं पान काढा, सेटिंगमध्ये फ्लॅश कमी करायची सोय असेल तर वापरा. उसाच्या सरीत मागे सरकायला जागा नसते. तिथे अर्ध्या दिव्यांवर मेडिकल दुकानात मिळणारी पातळ पांढरी चिकटपट्टी लावा. सेन्सरवर मात्र चिकटवू नका.

१६. खिडकीच्या काचेतून लावला तर?

चालणार नाही. अंगाची उष्णता सेन्सरपर्यंत काचेतून पोचत नाही आणि रात्री फ्लॅश काचेवरून उलटा येतो. बाल्कनीत, काचेबाहेर लावा.

१७. घोरपड आणि साप का येत नाहीत?

त्यांचं अंग भोवतालाएवढंच गरम असतं, म्हणून. घोरपड ऊन खाऊन निघाली आणि सावलीतल्या वाटेवरून गेली तर क्वचित येते. खास त्यांच्यासाठी करायचं असेल तर टाइमलॅप्स लावा, म्हणजे दर मिनिटाला एक फोटो, सेन्सरला न विचारता. कार्ड भरेल, पण उपाय तोच.

१८. कोंबडीचे तुकडे ठेवले तर प्राणी लवकर येतील ना?

येतील, आणि म्हणूनच ठेवायचे नाहीत. कायद्यातल्या शिकारीच्या व्याख्येत आमिष दाखवणंही येतं, हे फार थोड्यांना माहीत असतं. त्याहून मोठी गोष्ट, वस्तीजवळ खाणं मिळतं हे बिबट्याला एकदा कळलं की तो परत येतो, आणि त्या वाटेवरून पोरं शाळेत जातात. पाणवठा, वाट, कुंपणाखालची घळ एवढ्यावर भागवा. फोटो उशिरा मिळेल, चालेल.

१९. पाच रात्री बिबट्याचा फोटो आला. म्हणजे पाच बिबटे आहेत का?

एकच पाच वेळा आला असेल, नाहीतर दोन असतील. प्रत्येक बिबट्याच्या अंगावरच्या ठिपक्यांची नक्षी वेगळी असते आणि डाव्या-उजव्या कुशीचीही एकमेकींसारखी नसते. म्हणून अभ्यासक वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर दोन कॅमेरे लावतात. तुमच्याकडे एकच असेल तर नेहमी एकाच कुशीचे फोटो ताडून बघा. मागच्या मांडीवरचे आणि कुशीवरचे पाच-सहा ठिपक्यांचे गट निवडा, ते जुळले तर प्राणी तोच.

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातल्या ऊसपट्ट्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अथ्रेया आणि सहकाऱ्यांनी असेच कॅमेरे लावून बिबटे मोजले. २०१३ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. चौरस किलोमीटरला तीनशेहून जास्त माणसं राहतात त्या भागात शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे ४.८ प्रौढ बिबटे निघाले, आणि तरसही जवळपास तेवढेच. म्हणजे तुमच्या बांधावर बिबट्याचा फोटो आला तर त्यात अघटित काही नाही, तो कदाचित तुमच्या आधीपासून तिथून येत-जात असेल.

२०. मग फोटो गावाच्या ग्रुपवर टाकू का?

आधी वनविभागाला कळवा, टोल-फ्री क्रमांक १९२६. घराजवळ, गोठ्याजवळ, शाळेच्या वाटेवर फोटो आला असेल तर शेजाऱ्यांना लगेच सांगाच : रात्री एकट्याने जाऊ नका, पोरांना बाहेर सोडू नका, जनावरं बंदिस्त ठेवा. त्यासाठी फोटो फिरवायची गरज पडत नाही. फोटो फिरला की त्याची तारीख आणि जागा गळून पडते आणि दोन दिवसांत तोच फोटो तीन गावांत ‘काल रात्री इथे दिसला’ म्हणून येतो. मग गर्दी जमते, आणि गर्दीत अडकलेला बिबट्या जास्त धोक्याचा असतो.

तरसाची गुहा, लांडग्याची पिल्लं, खोकडाचं बीळ यांच्या जागा कुणालाही सांगू नका, फोटोत मागची ओळखू येणारी टेकडीही कापून टाका. पिल्लांच्या बिळासमोर कॅमेरा लावूच नका.

२१. कॅमेऱ्यात माणसं येतात. त्यांचं काय करायचं?

पुसून टाका, कुणाला दाखवू नका. लावतानाच विचार करा : पहाटे बायामाणसं ज्या बाजूला जातात, जिथे विहिरीवर धुणं-अंघोळ होते, तिकडे तोंड नको. सोसायटीत लावायचा तर समितीला सांगा आणि शेजारच्यांच्या खिडक्या चौकटीत येणार नाहीत असा लावा. मला हे तांत्रिक मुद्द्यांपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं. वाडीवर एकदा संशय बसला की पुढे कुणालाच तिथे कॅमेरा लावता येत नाही.

२२. चोरी आणि माकडं, दोन्हींवर उपाय सांगा.

चोरीसाठी : पट्ट्याबरोबर तारेचं कुलूप, वाटेवरून न दिसणारी जागा, आणि कॅमेऱ्यावर मराठीत चिठ्ठी, ‘प्राण्यांच्या अभ्यासासाठी आहे, शंका असल्यास या क्रमांकावर फोन करा’. चिठ्ठी कुलपाइतकीच कामाला येते. वानरं आणि माकडं पट्टा ओढतात, भिंग आकाशाकडे करून ठेवतात. बकल झाडाच्या मागच्या बाजूला घ्या आणि पट्टा दोनदा फिरवून आवळा.

२३. गोठ्यातलं वासरू मारलं. कॅमेऱ्यातला फोटो भरपाईला चालतो का?

भरपाई ठरते ती पंचनाम्यावर. लगेच कळवा, वासरू हलवू नका, आजूबाजूचे ठसे पायाखाली जाऊ देऊ नका. फोटोचा आधार होतो, पण तारीख-वेळ बरोबर असेल तरच (प्रश्न ६). मूळ कार्ड तसंच बाजूला काढून ठेवा. मोबाइलवरून फिरवलेल्या प्रतीत तपशील उडालेले असतात.

२४. कार्डावर रात्री फासे लावणारी माणसं दिसली. आता?

त्यांना विचारायला जाऊ नका, गावात नावं घेऊ नका, आणि फासा स्वतः काढू नका. गाडीच्या क्लचच्या वायरचा फासा डुकरासाठी लावलेला असतो, पण त्यात तरस, बिबट्या, गावातलं कुत्रंही अडकतं. जागेची खूण लक्षात ठेवून १९२६ वर फोन करा, वनक्षेत्रपालांना भेटून कार्डाची प्रत द्या आणि मूळ कार्ड त्यांनी मागितल्यावर पोच घेऊनच द्या. प्राणी फाशात जिवंत असेल तर जवळ जाऊ नका, माणसं लांब ठेवा, टॉर्च मारू नका. तुमचा कॅमेरा तिथून काढायचा असेल तर वनरक्षक बरोबर असतानाच काढा.